सुलोचनादीदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३० जुलैची जयंती किंवा ४ जूनचा स्मृतिदिन जवळ आला की प्रश्नांची रीघ लागते. कुणाला शाळेत भाषण करायचं असतं, कुणाला प्रश्नमंजूषा काढायची असते, कुणाची कट्ट्यावर पैज लागलेली असते. प्रश्न बहुतेक तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. तुम्ही तेवढ्यासाठीच आला असाल तर थेट प्रश्न ४ वर जा.

१. सुलोचनादीदी म्हणजे नेमक्या कोण? थोडक्यात सांगा.

सुलोचना लाटकर, मराठी आणि हिंदी चित्रपटांतल्या अभिनेत्री. जन्म ३० जुलै १९२८, निधन ४ जून २०२३, मुंबईत, वयाच्या ९४ व्या वर्षी. कारकिर्दीचे ठळक दोन भाग पडतात. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून त्या मराठीत नायिका होत्या, आणि १९५९ नंतर हिंदीत प्रामुख्यानं आईच्या भूमिकांत दिसल्या. त्यांना फक्त हिंदीतली सोशिक आई म्हणून ओळखणाऱ्यांनी निम्म्याच दीदी पाहिल्या आहेत, असं आमचं मत आहे.

२. त्या आमच्या कोल्हापूरच्याच न्हवं?

जन्मानं नाही. जन्मगाव खडकलाट, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, म्हणजे आताच्या कर्नाटकात. निपाणीकडचा हा भाग बोलीनं, बाजारानं आणि सोयरिकीनं कोल्हापूरला जोडलेला आहे, त्यामुळे ही गफलत होते. अभिनेत्री म्हणून मात्र त्या कोल्हापुरातच घडल्या. पहिलं काम, पहिली मोठी भूमिका आणि ‘सुलोचना’ हे नाव हे सगळं इथलंच. घरचं नाव रंगू होतं, सुलोचना हे नाव दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी दिलं. पुढे वास्तव्य मुंबईत, प्रभादेवीला. कागदावर लिहायचं असेल तर ‘जन्म खडकलाट, कारकिर्दीची सुरुवात कोल्हापूर’ असं लिहा. दोन्ही गावांचा मान राहतो आणि चूकही होत नाही.

३. पहिला चित्रपट १९४३ चा की १९४६ चा? दोन ठिकाणी दोन वर्षं दिसतात.

दोन्हीला आधार आहे. मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्स या चित्रपट कंपनीत त्या किरकोळ कामांसाठी आल्या. तिथला ‘चिमुकला संसार’ १९४३ चा. पडद्यावर पहिल्यांदा कधी दिसल्या, हे विचारलं असेल तर उत्तर १९४३. मोठी भूमिका मिळाली ती भालजींच्या ‘सासुरवास’मध्ये, १९४६ साली. प्रश्नमंजूषेत नुसतं ‘पदार्पण’ लिहिलंत तर वाद होणारच, तेव्हा ‘पहिलं काम’ की ‘पहिली प्रमुख भूमिका’ हे प्रश्नातच स्पष्ट करा.

प्रफुल्ल पिक्चर्स १९४५ च्या सुमारास मुंबईला गेली. दीदी मागे कोल्हापुरात राहिल्या आणि भालजींच्या जयप्रभा स्टुडिओत आल्या. हा फाटा महत्त्वाचा आहे. त्याच प्रफुल्लमध्ये वडिलांच्या निधनानंतर घर चालवण्यासाठी एक मुलगी कामाला होती, दीदींपेक्षा वर्षानं लहान. ती लता मंगेशकर. लता कंपनीबरोबर मुंबईला गेल्या. पुढे दोघींची कामं पुन्हा एकत्र कशी आली, ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. सुलोचना नावाच्या नेमक्या किती जणी? आमच्या ग्रुपवर रोज भांडणं होतात.

चित्रपटाशी संबंधित आणि सतत एकमेकींत मिसळल्या जाणाऱ्या चौघी.

पहिल्या सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. जन्म १९०७, पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटात आल्या आणि १९२० च्या दशकातल्या सर्वांत मोठ्या तारका झाल्या. ‘अनारकली’ नावाच्या तीन वेगवेगळ्या चित्रपटांत त्या दिसतात. १९२८ च्या मूकपटात आणि १९३५ च्या बोलपटात त्या नायिका आहेत, तर १९५३ च्या चित्रपटात सलीमची आई. दादासाहेब फाळके पुरस्कार १९७३ चा, निधन १९८३.

दुसऱ्या आपल्या दीदी, सुलोचना लाटकर.

तिसऱ्या गायिका सुलोचना चव्हाण, माहेरच्या कदम. जन्म १९३३, निधन १० डिसेंबर २०२२, पद्मश्री २०२२. लावणी म्हटल्यावर जो ठसकेबाज आवाज कानात घुमतो तो यांचा.

चौथ्या सुलोचना चटर्जी, १९४० आणि ५० च्या दशकांतल्या हिंदी अभिनेत्री. त्यांच्यावरून वाद कमी होतात, पण जुन्या हिंदी श्रेयनामावलीत त्या अचानक भेटतात आणि यादी बिघडवतात.

आता गुंता कुठे आहे तो बघा. दीदींच्या यजमानांचं आडनावही चव्हाण. त्यामुळे ‘सुलोचना चव्हाण’ असं लिहून कुणी अभिनेत्रीचा फोटो लावतं, तेव्हा आडनावापुरतं ते अगदीच निराधार नसतं. पण त्या नावानं सगळा महाराष्ट्र गायिकेलाच ओळखतो. तेव्हा अभिनेत्रीसाठी ‘लाटकर’ आणि गायिकेसाठी ‘चव्हाण’ हा नियम पाळावा.

५. पडद्यावर नुसतं ‘सुलोचना’ लिहिलंय. कोणत्या ते कसं ओळखायचं?

या क्रमानं गेलात तर सहसा चूक होत नाही.

आधी नाव कोणत्या पाटीवर आहे ते बघा. ‘पार्श्वगायन’ किंवा ‘प्लेबॅक’च्या पाटीवर असेल तर गायिका. भूमिकांच्या पाटीवर असेल तर पुढे चला.

मग वर्ष बघा. १९४३ च्या आधीचा चित्रपट असेल तर रूबी मायर्स, दीदींचा प्रश्नच येत नाही. १९८३ नंतरचा असेल तर दीदी. मधली चाळीस वर्षं जपून.

मधल्या काळातला चित्रपट मराठी असेल तर भूमिकांच्या पाटीवरची सुलोचना म्हणजे जवळपास नेहमीच दीदी. हिंदी असेल तर चेहरा पाहिल्याशिवाय लिहू नका, कारण १९५० नंतर रूबी मायर्सही चरित्र भूमिका करत होत्या आणि श्रेयनामावलीत दोघींचं नाव एकच पडत होतं. दोघींच्या वयात २१ वर्षांचं अंतर आहे, एक दृश्य पाहिलं तरी उलगडा होतो.

वर्ष पक्कं करताना सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख उपयोगी पडते. एक धोका आहे. चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना नव्यानं प्रमाणपत्र घेतलेलं असेल तर तिथे नंतरची तारीख असते. १९५३ च्या चित्रपटावर सत्तरच्या दशकातली तारीख दिसली तर दचकू नका. यूट्यूबवरच्या चित्रपटाचं शीर्षक आणि त्यावरचा फोटो हा मात्र पुरावा धरू नका. तिथे कुणीही काहीही लावतं.

६. ‘लवंगी मिरची’ची कोल्हापूरची लावणी दीदींनी गायली ना?

नाही. ती ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) मधली, जगदीश खेबुडकरांची, संगीत वसंत पवारांचं आणि आवाज सुलोचना चव्हाणांचा (प्रश्न ४). लावणीत कोल्हापूर आहे आणि गाणारीचं नाव सुलोचना आहे, एवढ्यावर लोक दोन्ही टोकं जोडून टाकतात. याच जातीचा दुसरा प्रश्न ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) बद्दल येतो. त्या चित्रपटात दीदी आहेत, पण ‘बुगडी’च्या लावणीवर नाचतात त्या जयश्री गडकर आणि गातात आशा भोसले.

दीदी गायिका नव्हत्या. ‘एकटी’ (१९६८) मधल्या लिंबलोणाच्या गाण्याला आवाज सुमन कल्याणपूर यांचा, तर ‘मोलकरीण’ (१९६३) मधल्या ‘देव जरी मज कधी भेटला’ला आशा भोसले यांचा.

७. ‘मीठ भाकर’ दोनदा काढला म्हणतात. खरं की दंतकथा?

खरं आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाल्यावर उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ‘मीठ भाकर’चं झालेलं काम त्यात गेलं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे, एकदा पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य. भालजींनी चित्रपट पुन्हा चित्रित केला आणि तो १९४९ साली आला. त्यामुळे आज जो ‘मीठ भाकर’ आपण पाहतो तो दुसऱ्यांदा केलेला आहे. दीदींसारख्या नव्या नटीला एकच भूमिका सुरुवातीपासून परत करावी लागणं ही मोठीच तालीम. दीदींच्या ग्रामीण स्त्रीच्या भूमिकांतला सहजपणा कुठून आला, असं कुणी विचारलं तर आम्ही आधी या चित्रपटाकडे बोट दाखवतो.

८. ‘भाभी की चूड़ियाँ’ मधली वहिनी दीदीच का?

नाही, ती मीनाकुमारी. मूळ मराठी ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३), दिग्दर्शन शांताराम आठवले, कथा य. गो. जोशींची. त्यातली वहिनी दीदी. हिंदी अवतार १९६१ चा, दिग्दर्शन सदाशिव राव कवी. दोन्हींचं संगीत सुधीर फडके यांचं, त्यामुळे गाण्यांवरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. दोन्ही पाहायचे असतील तर मराठी आधी पाहा. हिंदीतली वहिनी पहिल्यापासूनच शोकांतिकेची नायिका वाटते. मराठीतली आधी घरातली एक साधी बाई वाटते, आणि म्हणून शेवट जास्त लागतो.

९. इतक्या तरुणपणी आईच्या भूमिका का घेतल्या?

१९५९ साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्यांनी चारू केली, नूतनला वाढवणारी बाई. नूतनचा जन्म १९३६ चा, म्हणजे ‘आई’ आठच वर्षांनी मोठी. (नूतनचा वाढदिवसही ४ जूनचाच.) त्याच वर्षी ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या. शम्मी तीन वर्षांनी लहान. ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) मध्ये तर कमालच आहे. दोन मुलगे, देव आनंद आणि प्राण. देव आनंदचा जन्म १९२३ चा, प्राणचा १९२० चा. दोन्ही मुलगे आईपेक्षा मोठे!

कारण हिंदीतल्या तेव्हाच्या रिवाजात आहे. नायक पन्नाशीला टेकला तरी नायकच राहायचा, नायिकेला मात्र तिशीतच बाजूला सारलं जायचं. मग नायकाची आई करायला त्याच्याच वयाच्या किंवा त्याच्याहून लहान नट्या उरायच्या. केसांना पांढरा हात फिरवला, पदर डोक्यावर आला, की झाली आई.

दीदींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहसा कुणी लक्षात घेत नाही. मराठीत नायिका असतानाच त्यांच्या भूमिका आईपणाच्या जवळच्या होत्या. ‘वहिनींच्या बांगड्या’तली वहिनी धाकट्या दिराला आईच्या मायेनं वाढवते, आणि तेव्हा दीदी पंचविशीत होत्या. त्यामुळे हिंदीत आई होणं ही त्यांच्यासाठी मोठी उडी नव्हती.

आणि ‘सुजाता’तली चारू ही रडूबाई आई नव्हे. ती प्रेमळ आहे, पण दलित म्हणून जन्मलेल्या मुलीला लोकांसमोर ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. एवढ्याशा फरकात सगळा चित्रपट आहे. आपल्या चांगुलपणावर खूश असलेली माणसं कशी वागतात ते दीदींनी डोळ्यांनी दाखवलंय. नंतरच्या ढीगभर आयांमध्ये इतकं अवघड काम त्यांना फारसं कुणी दिलं नाही, ही आमची तक्रार कायम आहे.

१०. जिजाबाईंची भूमिका कोणत्या चित्रपटात?

‘मराठा तितुका मेळवावा’, १९६४, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. याचं संगीत ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकर यांनी दिलंय. प्रश्न ३ मधला प्रफुल्लचा धागा इथे पुन्हा जुळतो. ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) हा भालजींचाच, पण निराळा चित्रपट, त्यात शिवाजी महाराज चंद्रकांत मांढरे. व्हॉट्सॲपवर या दोन्हींचे फोटो एकत्र फिरतात, तेवढं बघून घ्या.

११. लग्न, मुलं, घर याबद्दल?

लग्न लहान वयात, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, आबासाहेब चव्हाण यांच्याशी. म्हणजे चित्रपटातली कारकीर्द लग्नानंतरची आहे. त्या काळच्या बऱ्याच नट्यांच्या बाबतीत उलटं घडायचं. मुलगी कांचन. त्या नट डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या पत्नी आणि ‘नाथ हा माझा’ या पुस्तकाच्या लेखिका. घाणेकरांवरच्या २०१८ च्या चित्रपटात दीदींची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली आहे. तो चित्रपट घाणेकरांचा आहे, दीदींचं चरित्र म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

१२. जावयानंच मुलाची भूमिका केली होती म्हणे?

हो, ‘एकटी’त, दिग्दर्शक राजा ठाकूर. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई दीदी, मुलगा काशिनाथ घाणेकर. घाणेकरांचा जन्म १९३० चा, म्हणजे पडद्यावरच्या आईहून दोनच वर्षांनी लहान (प्रश्न ९ ला आणखी एक दाखला). ‘एकटी’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

१३. फाळके पुरस्कार कोणत्या वर्षी मिळाला?

मिळाला नाही. १९७३ च्या यादीत ‘सुलोचना’ दिसतं ते रूबी मायर्स यांचं. गुरुवर्य भालजींना तो १९९१ चा मिळाला. दीदींना मिळाले ते पद्मश्री १९९९, फिल्मफेअरचा जीवनगौरव २००४ आणि महाराष्ट्रभूषण २००९. पद्मश्री लिहितानाही सावध राहा, २०२२ ची पद्मश्री सुलोचना चव्हाणांची.

१४. एकूण चित्रपट किती?

हिंदी अडीचशेच्या आसपास आणि मराठी पन्नासच्या वर, हा छापला जाणारा आकडा. यापेक्षा फुगलेली यादी दिसली तर तिच्यात इतर सुलोचना मिसळल्या आहेत का ते आधी तपासा. १९४३ पूर्वीचं एक जरी नाव सापडलं तरी यादी बाद.

१५. एकही चित्रपट पाहिलेला नाही. कुठून सुरू करू?

‘वहिनींच्या बांगड्या’. मग ‘प्रपंच’ (१९६१), कुंभाराच्या घरातली गोष्ट, बरोबर शाहीर अमर शेख. त्यानंतर ‘मोलकरीण’, पोटच्या मुलाच्या घरी राबणारी आई. मग ‘एकटी’. हे चार झाले की हिंदीत ‘सुजाता’ आणि ‘कटी पतंग’. अमिताभची आई पाहायचीच असेल तर ‘मजबूर’ (१९७४). ‘मीठ भाकर’ शेवटी ठेवा, जुन्या प्रिंटचा आवाज आणि संथ लय यांची सवय व्हावी लागते. शोधताना देवनागरीत टाइप करा. रोमन लिपीत ‘एकटी’ची दोन-तीन स्पेलिंगं आहेत आणि भलतेच चित्रपट पुढे येतात.

१६. कोल्हापुरात दीदींशी संबंधित काय पाहता येईल?

मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ, पण तो तिकीट काढून बघायचं ठिकाण नाही. भालजींकडून तो १९५९ मध्ये लता मंगेशकर यांच्याकडे गेला, आणि पुढे जागेच्या विक्रीवरून व वारशाच्या दर्जावरून शहरात आंदोलनंही झाली. बाहेरून वास्तू पाहायची तयारी ठेवूनच जा.

आत जाऊन निवांत पाहण्यासारखं ठिकाण म्हणजे राजारामपुरीतलं चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय. दीदींचे सहकलाकार चंद्रकांत उत्तम चित्रकारही होते, आपलं राहतं घर चित्रांसह त्यांनी सरकारला दिलं. तिथलं पावडर शेडिंगचं काम चुकवू नका. त्या पिढीचे नट पडद्याबाहेर काय करू शकत होते, ते तिथे कळतं.

मोरेवाडीची चित्रनगरी यात धरू नका. ती सरकारनं नंतर उभारलेली, भालजींच्या काळाशी तिचा संबंध नाही.

१७. मुलीला शाळेत पाच मिनिटांचं भाषण आहे. काय घ्यावं, काय टाळावं?

पाच मिनिटं म्हणजे साधारण साडेपाचशे शब्द. जन्म-गाव-निधन यावर तीन वाक्यं, पुरे. पुढची दोन मिनिटं कोल्हापूरला द्या, म्हणजे प्रफुल्ल, जयप्रभा आणि जळालेला ‘मीठ भाकर’. ही गोष्ट मुलांना धरून ठेवते. मग एकच मराठी आणि एकच हिंदी भूमिका निवडून त्यातला एखादा प्रसंग सांगायचा. चित्रपटांची यादी वाचून दाखवू नये, तिसऱ्या नावाला वर्ग चुळबुळ करायला लागतो. पुरस्कार शेवटी, वर्षांसह, प्रश्न १३ वरून उतरवून घ्या.

टाळायच्या गोष्टी तीन. लावणी गायल्याचं सांगू नये. फाळके पुरस्कार देऊन टाकू नये. आणि फोटो लावायचा असेल तर तो रूबी मायर्सचा नाही ना, हे आदल्या रात्रीच बघावं. आखूड केस आणि पाश्चात्त्य पोशाखातली तारका दिसली तर फोटो बदला.